घरी पाठवलेला विद्यार्थी

ऑनलाइन अध्यापन आणि वर्गातील अध्यापन यांच्या तुलनेविषयी २०२० नंतर मराठीत जे लिहिले-बोलले गेले, त्यातील बहुतेक चर्चेच्या मुळाशी एक गृहीतक आहे. ते इतके अंगवळणी पडले आहे की ते तपासून पाहावे असे कोणत्याच पक्षाला वाटत नाही. ज्ञान ही एक सिद्ध वस्तू आहे, अध्यापक ती पुरवणारा आणि विद्यार्थी ती घेणारा. तेव्हा ही वस्तू विद्यार्थ्याने महाविद्यालयात येऊन घ्यावी की ती त्याच्या घरी पोहोचवावी, एवढाच वादाचा मुद्दा उरतो. ऑनलाइनचे पुरस्कर्ते म्हणतात की ती सुखरूप पोहोचते. वर्गाचे कैवारी म्हणतात की वाटेत तिची नासाडी होते. वस्तू, वाहतूक आणि ग्राहक ही त्रयी मात्र दोघांनाही मान्य असते. त्यामुळे हा वाद वरवर कितीही कडाक्याचा दिसला, तरी तो एकाच दुकानातील दोन नोकरांचा वाद ठरतो.

निदान कोल्हापुरात तरी तो या पातळीवर चालू नये. 'वसतिगृहांची जननी' हे बिरुद अभिमानाने मिरवणाऱ्या या नगरीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा शैक्षणिक इतिहास म्हणजे विद्यार्थ्याला त्याच्या घरातून बाहेर काढण्याचा इतिहास आहे. राजाराम महाविद्यालय १८८० पासून येथे होते. महाविद्यालय होते, अध्यापक होते, ग्रंथ होते. पुरवठ्याच्या भाषेत बोलायचे तर मालाची टंचाई नव्हती. तरीही खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची आणि बलुतेदारांची मुले तेथवर पोहोचत नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र वसतिगृह काढून पाहिले, आणि थोड्याच काळात त्यात ब्राह्मण विद्यार्थीच काय ते उरले. या अनुभवातून निघालेला निष्कर्ष आजच्या धोरणकर्त्यांनी पुन्हा वाचण्याजोगा आहे. दार उघडे ठेवणे म्हणजे प्रवेश देणे नव्हे, हे ओळखून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य गणल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आणि पुढे इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली. शिकण्याला आधी निजायला जागा, दोन वेळचे जेवण, रात्री जळणारा दिवा आणि आपल्यासारख्याच इतर मुलांची सोबत लागते, हा या संस्थांमागचा सिद्धान्त होता. त्याला सिद्धान्त म्हणायचे, कारण तो ज्ञानाविषयीचा एक निश्चित विचार आहे. तो कोणत्या ग्रंथात न मांडता इमारतींत मांडला गेला, एवढेच.

ही वसतिगृहे जातवार होती, हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकण्याचे कारण नाही. पण त्या आक्षेपातूनच वर्गाचे मोल कळते. निजणे जातवार होते. बसणे एकत्र होते. निरनिराळ्या वसतिगृहांतून निघालेली मुले ज्या एका ठिकाणी दिवसाचे काही तास एका छपराखाली, एकाच पुस्तकासमोर बसत, ते ठिकाण म्हणजे वर्ग. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांत घेण्याचा १९१९ मधील हुकूम याच दिशेचा होता. त्या हुकमाने वेगळ्या शाळेतील शिक्षणाचा दर्जा वाढवण्याचा मार्ग घेतला नाही. त्याने मुलांची जागा बदलली. कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्रकार सांगतात की मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. पुढे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या विद्यार्थ्याचा खरा अभ्यासक्रम त्या नकारात होता. आणि असा नकार घडायला विद्यार्थ्याला घराबाहेर पडून दुसऱ्याच्या दारात जावे लागते.

ऑनलाइन अध्यापनाने नेमके काय केले, तर या विद्यार्थ्याला घरी परत पाठवले. मार्च २०२० मध्ये साथीच्या भयाने ते करावे लागले, याबद्दल कोणाची तक्रार असू नये. घर जळत असताना मिळेल त्या पाण्याने आग विझवायची असते. आक्षेप आहे तो त्या आपद्धर्मालाच नंतर धर्म ठरवण्याला. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाविषयीचे टिपण प्रसृत केले आणि प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली. 'स्वयम्' या मंचावरील अभ्यासक्रमांना द्यावयाच्या श्रेयांकांची मर्यादा २०१६ मध्ये २० टक्के होती. ती २०२१ च्या विनियमांनी ४० टक्के झाली. २०२२ मध्ये आयोगाने हेही स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या पारंपरिक पदव्यांशी समतुल्य मानल्या जाव्यात. 'समतुल्य' हा शब्द येथे मोठा कावेबाज आहे. नोकरीच्या अर्जापुरती समतुल्यता हा न्यायाचा प्रश्न आहे आणि ती द्यायलाच हवी. पण प्रशासनाने दिलेली ही समतुल्यता हळूच ज्ञानमीमांसेत शिरते आणि दोन्ही पद्धतींत घडणारी गोष्ट एकच आहे असे ठरवून टाकते.

घर ही तटस्थ जागा नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील केवळ १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. ऑनलाइनच्या टीकाकारांनी हे आकडे पुष्कळ वापरले, आणि त्यामुळे एक घोटाळाही झाला. जणू मनोरे उभे राहिले, फोन स्वस्त झाले, गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरांत संदेशवहन पोहोचले की प्रश्न मिटला! तो मिटत नाही. फोन चांगला असला तरी तो ज्या घरात वाजतो त्या घरात शिकणाऱ्या मुलाला कोणी विद्यार्थी समजत नाही. घरात असलेला मुलगा हा रिकामा मुलगा असतो. त्याने म्हशीला वैरण घालावी, पाण्याची पाळी आली तर रानात जावे. घरात असलेली मुलगी तर रिकामीही नसते. कानात यंत्र घालून भाकरी थापताना ऐकलेल्या व्याख्यानाची नोंद हजेरीपटात पूर्ण तासाची होते. महाविद्यालय तिच्यासाठी दोन-चार तासांची का होईना, एक कायदेशीर अनुपस्थिती होते. त्या अनुपस्थितीवर तिचे वाचन, तिची मैत्री, तिचे स्वतःशी बोलणे उभे होते. ऑनलाइनने तिची उपस्थिती नोंदवली आणि ती अनुपस्थिती काढून घेतली.

या प्रदेशाच्या वाङ्मयाला हे ठाऊक नाही असे नाही. कागलच्या आनंद यादवांचे 'झोंबी' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९० मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विद्यापीठांनी ते अभ्यासले, त्यावर प्रबंध लिहून घेतले, ग्रामीण साहित्याच्या चर्चेत त्याला मानाचे पान दिले. त्या पुस्तकातील संघर्ष शिक्षणाचा खर्च परवडत नसल्यापुरता नाही. शिकू पाहणारे पोर आणि त्याला शेतात राबवू पाहणारा बाप, म्हणजेच शाळा आणि घर यांच्यातील ती झोंबी आहे. ज्या विद्यापीठीय व्यवस्थेने हे पुस्तक अभ्यासक्रमात लावून त्यावर प्रश्न विचारले, तिनेच घर हा विद्यार्थ्याचा वर्ग होऊ शकतो असे बिनदिक्कत मानावे, यावरून आपल्याकडे पुस्तके कशी वाचली जातात याची कल्पना येते.

येथे वर्गाच्या भाबड्या कैवाऱ्यांचाही समाचार घेणे आवश्यक आहे. ऑनलाइनला विरोध करताना त्यांना गुरुकुल आठवते, गुरूचा सहवास आठवतो, डोळ्यांतून डोळ्यांत उतरणारे ज्ञान आठवते. ज्या नगरीत वेदोक्ताचे प्रकरण घडले तेथे गुरुकुलाचा गहिवर काढणे हा इतिहासाविषयीचा निष्काळजीपणा आहे. गुरुकुल हेही एक घरच होते, गुरूचे घर, आणि त्या घरात कोणाला घ्यायचे हे गुरूची जात ठरवीत होती. आधुनिक वर्गाचा आरंभ या घराला नकार देऊन झाला. वर्ग कोणाच्याच मालकीचा नसतो; तेथे शिक्षकही पाहुणा आणि विद्यार्थीही पाहुणा. ऑनलाइनच्या पुरस्कर्त्यांना स्वयंअध्ययनाचा आदर्श म्हणून एकलव्य आठवतो, हे तर याहून विलक्षण आहे. मूर्तीपुढे बसून एकट्याने शिकलेल्या त्या विद्यार्थ्याला गुरूची प्रत्यक्ष भेट कशासाठी झाली, हे महाभारत सांगते.

आता पुराव्यांकडे वळावे. दोन्ही पद्धतींत 'लक्षणीय फरक नाही' असे सांगणाऱ्या अभ्यासांची अमेरिकेत एक परंपराच आहे; थॉमस रसेल यांनी १९९९ मध्ये अशा ३५५ अभ्यासांचा आणि अहवालांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी असे म्हटले होते की माध्यमे ही शिक्षण वाहून नेणारी वाहने होत. किराणा कोणत्या गाडीतून आला यावर जसे खाणाऱ्याचे पोषण अवलंबून नसते, तसेच हेही. उपमा मोहक आहे, पण तीत तोच किराणा पुन्हा हजर आहे. शिवाय पुढच्या अभ्यासांनी ही शांतता फारशी टिकू दिली नाही. वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांच्या चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून शू आणि जॅगर्स यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की ऑनलाइन अभ्यासक्रमांत सर्वच प्रकारचे विद्यार्थी मागे पडतात, आणि आधीच कच्चे असलेले, तसेच कृष्णवर्णीय विद्यार्थी अधिक मागे पडतात. मुक्त महाअभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी ते पुरे करणाऱ्यांचे प्रमाण हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या मंचावरही शेकडा तीनच्या आसपास आढळले. म्हणजे ज्याला आधीच शिकता येते त्याला हे माध्यम शिकवते. शाहू महाराजांच्या १८९६ च्या वसतिगृहात जे झाले तेच येथेही झाले.

तरीही समजा, फरक आढळला नाही. फरक मोजला कशाने? परीक्षेने. वर्ष-दोन वर्षांच्या सहवासात एका तरुणाच्या वाचनात काय पालटले, हे जी परीक्षा विचारतच नाही तिला फरक दिसणार कसा? सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांनी त्या वर्षीच्या अंतिम परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर उरकल्या. साहित्याच्या विद्यार्थ्यानेही कवितेचा अर्थ चार पर्यायांतून निवडला. अनेकार्थता हा ज्या व्यवहाराचा प्राण, त्याची परीक्षा एकच उत्तर बरोबर मानणाऱ्या यंत्राने घेतली, आणि निकाल उत्तम लागले! त्या निकालांचा आधार घेऊन अध्यापनपद्धतींची तुलना करणारा माणूस तापमापकाने वजन करू पाहतो आहे.

साहित्याच्या वर्गात काय घडते याचे उत्तर समीक्षेच्या इतिहासातच आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे झाकून कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या, त्यांच्या लेखी प्रतिक्रिया गोळा केल्या आणि त्यांतून १९२९ चा 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ सिद्ध झाला. विसाव्या शतकातील समीक्षेची एक मोठी धारा अशी विद्यार्थ्यांच्या चुकलेल्या वाचनांतून निघाली. स्टॅन्ली फिश यांच्या १९८० च्या ग्रंथाचे शीर्षक तर एका विद्यार्थिनीचा प्रश्नच आहे. सत्राच्या पहिल्या दिवशी तिने अध्यापकाला विचारले की या वर्गात 'टेक्स्ट' आहे का. त्याने पाठ्यपुस्तकाचे नाव सांगितले. तिला पुस्तकाविषयी विचारायचेच नव्हते. येथे संहितेला काही स्वतंत्र अस्तित्व आहे असे मानायचे की सारे वाचकावरच सोपवायचे, हे तिला जाणून घ्यायचे होते. एका गैरसमजातून अर्थनिर्णयन करणाऱ्या समुदायांचा सिद्धान्त उभा राहिला. ध्वनिमुद्रित व्याख्यानाला असा प्रश्न विचारता येत नाही, आणि विचारला तरी त्याचा गैरसमज होत नाही. जेथे गैरसमज संभवत नाही तेथे समज तरी कशी संभवावी?

प्रत्यक्ष वेळेत चालणाऱ्या ऑनलाइन तासाचा युक्तिवाद येथे पुढे येईल: त्यात प्रश्न विचारता येतोच की! या तासांची भाषा पाहावी. रोमान याकबसन यांनी १९६० च्या सुप्रसिद्ध निबंधात भाषिक व्यवहाराची सहा कार्ये सांगितली. त्यांपैकी संपर्क जोडलेला आहे की नाही याची खात्री करून घेण्याचे कार्य हे सामान्य संभाषणात क्षणभराचे असते. 'आवाज येतोय का?', 'पडदा दिसतोय का?', 'कोणीतरी हो म्हणा' या वाक्यांनी ऑनलाइन तासात तेच कार्य सर्वभक्षी झाले. ज्या काव्यात्म कार्यासाठी साहित्याचा तास असतो, ते या खात्रीच्या फटींत कोठेतरी उरकायचे. दुसरे असे की वर्गातील शांततेचे अनेक प्रकार असतात. न समजल्याची शांतता, कंटाळ्याची, अवघडलेपणाची, आणि क्वचित एखादी ओळ खोल गेल्याची शांतता. अनुभवी अध्यापक या शांतता वाचतो आणि त्यानुसार पुढचे वाक्य बदलतो. प्रत्येक उच्चार संभाव्य प्रतिसादाकडे तोंड करून घडतो, असे बाख्तिन म्हणतात ते याच अर्थाने. बंद केलेल्या ध्वनिक्षेपकांची आणि काळ्या चौकटींची शांतता मात्र एकाच प्रकारची असते आणि तीत वाचण्यासारखे काहीही नसते.

कोल्हापूर परिसरातील वर्गात या प्रतिसादाला आणखी एक परिमाण आहे. चंदगडच्या मुलाची मराठी वेगळी, शिरोळच्या मुलीची वेगळी, करवीरातल्याची आणखी वेगळी. पाठातील मोट, शिवळ, जोते, सापती हे शब्द शहरात वाढलेल्या अध्यापकाने शब्दकोशात पाहिलेले असतात. मागच्या बाकावरच्या मुलाने त्या वस्तू आपल्या गोठ्यात पाहिलेल्या असतात. तो मुलगा दबक्या आवाजात शेजाऱ्याला काही सांगतो, अध्यापक त्याला उभे करून विचारतो, आणि त्या दिवसापुरती ज्ञानाची दिशा उलटते. प्रमाणभाषेपुढे आयुष्यभर खाली मान घातलेल्या विद्यार्थ्याला आपली बोली हे ज्ञानाचे साधन आहे असे ज्या क्षणी उमगते, तो क्षण अभ्यासक्रमाच्या घटकांत लिहिता येत नाही. त्याला बाक लागतो, शेजारी लागतो आणि कुजबूज लागते. 'बलुतं' किंवा 'उचल्या' निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एकत्र बसून वाचताना जी अस्वस्थता वर्गात पसरते, तीही त्या वाचनाचाच भाग असते. आपापल्या गल्लीत, आपापल्या घरात बसून तेच पुस्तक वाचले की ती अस्वस्थता कोणाच्याच वाट्याला येत नाही.

वाचनाला प्रसंग लागतो हे मराठी वाङ्मयाला आरंभापासून माहीत आहे. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध करताना श्रीचक्रधरांची वचने नुसती टिपून ठेवली नाहीत. ती कोणत्या गावी, कोणापुढे, कशावरून निघाली हे अनुयायांच्या स्मरणांतून जुळवून घेतले. पुढे केशिराजबासांनी वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' रचला, आणि मग प्रसंगावाचून सूत्र कळेना म्हणून प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' महानुभाव पंथाला लागले. मुद्रित व्याख्यानांचा आजचा साठा हा असा प्रकरणवशावाचूनचा सूत्रपाठ आहे.

यावर उत्तर-संरचनावादाचा अभ्यासक म्हणेल की हे तर प्लेटोचेच जुने दुखणे झाले. लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो तेच तेच उत्तर देतो, अशी 'फीड्रस'मधील तक्रार. आणि उच्चाराला लेखनापेक्षा श्रेष्ठ मानण्याच्या या प्रवृत्तीची देरिदा यांनी केलेली चिकित्सा आपल्याकडेही आता पाठ झालेली आहे. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, पण तो येथे लागू पडत नाही. वर्गाची बाजू ही लेखनाविरुद्ध उच्चाराची बाजू नाही. साहित्याच्या वर्गात केंद्रस्थानी लिखित संहिताच असते; तिच्याभोवती माणसे बसलेली असतात, इतकेच. उलट मुद्रित व्याख्यानात उच्चाराची सारी हुकमत शिल्लक राहते आणि लेखनाची मोकळीक मिळत नाही. पुस्तकाच्या समासात लिहिता येते, दोन पाने मागे जाऊन ताडून पाहता येते. व्याख्यान मागे नेले तरी पुन्हा तेच ऐकावे लागते. उपस्थितीच्या आभासावर चालणारी गोष्ट शोधायचीच असेल, तर ती या पडद्यावर शोधावी.

मुद्रणाचा एक परिणाम याहून गंभीर आहे. वर्गातील बोलणे तात्पुरते असते. अध्यापक एखादा अर्थ चाचपून पाहतो, उद्या तो मागे घेतो. विद्यार्थी चूक बोलतो आणि ती चूक त्या चार भिंतींतच विरते. समीक्षेचा विचार अशाच कच्च्या, मागे घेता येणाऱ्या विधानांतून पुढे जातो. जेथे प्रत्येक वाक्य टिपले जाते आणि त्यातील अर्धा मिनिट कापून कोठेही पाठवता येतो, तेथे अध्यापक संतांच्या सामाजिक भूमिकेविषयी, धर्मचिकित्सेविषयी, कवितेतील शरीराविषयी पूर्वी जे बोलत असे ते बोलेनासा होतो. तो अभ्यासक्रमाच्या शब्दांत बोलतो. आणि घरच्यांच्या कानांवर पडेल अशा बेताने बसलेली विद्यार्थिनी त्याला प्रश्न विचारीत नाही. कोणी बंदी घातलेली नसते. तंत्रच परस्पर अभ्यवेक्षण करते.

अर्थात वर्ग पूर्वी फार जिवंत होते असे चित्र उभे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑनलाइनला वर्गाची जागा इतक्या सहज घेता आली, कारण ती जागा बरीचशी आधीच रिकामी होती. पिवळ्या पडलेल्या टिपणांचे इमलाखाली लेखन, संभाव्य प्रश्नांच्या याद्या, मूळ पुस्तक न उघडता मार्गदर्शकावर मिळवलेला प्रथम वर्ग, ७५ टक्के हजेरीचा कागदी खेळ, हे सारे मार्च २०२० पूर्वीचे आहे. ज्या अध्यापकाने वीस वर्षे वर्गात टिपणे सांगितली, त्याचे काम यंत्र अधिक स्वच्छ उच्चारांत करू शकते आणि त्याने त्याबद्दल अश्रू ढाळू नयेत. दूरचित्रवाणीवरून देशभरच्या महाविद्यालयांना शिकवण्याचा प्रयोग अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून केलाच होता. त्याने वर्ग हटले नाहीत, कारण तेव्हा वर्गात दुसरे काही घडते आहे असा निदान समज होता.

दूरशिक्षणाची गोष्ट वेगळी, आणि या वादात ती नेहमी गोंधळात घातली जाते. सातारा-कोल्हापूरकडचा सैन्यातला जवान, एसटीचा वाहक, लग्नानंतर शिक्षण सुटलेली बाई यांच्यासाठी १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्रही याच गरजेतून आले. ज्याला वर्ग मिळणे शक्यच नव्हते त्याला काहीतरी देणे हा विस्तार आहे. पण मुक्त विद्यापीठाच्या रचनेत अभ्यासकेंद्रे होती, रविवारची संपर्कसत्रे होती, हातात धरून वाचायची पुस्तके होती. एकट्याने शिकणाऱ्यालाही अधूनमधून एकत्र बसवावे लागते, हे दूरशिक्षण उभारणाऱ्यांना कळले होते. ज्याला वर्ग मिळाला आहे त्याच्याकडून त्याचा ४० टक्के भाग काढून घेणे याला विस्तार म्हणता येणार नाही.

मग हा भाग कोणाकडून काढून घेतला जाईल? एप्रिल २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांना उघड पत्र लिहिले. सँडेल यांची न्यायविषयक मुद्रित व्याख्याने आपल्या वर्गात वापरण्यास त्या विभागाने नकार दिला होता. एका प्रकारच्या विद्यापीठात विद्यार्थी जिवंत अध्यापकासमोर बसतील आणि दुसऱ्या प्रकारच्या विद्यापीठात त्या पहिल्या वर्गाचे चित्रण पाहतील, अशी विभागणी यातून होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी त्याच विद्यापीठाने एका कंपनीच्या मदतीने चालवलेले ऑनलाइन अभ्यासक्रम, उत्तीर्णांचे प्रमाण घसरल्यामुळे, जुलैमध्ये थांबवावे लागले.

महाराष्ट्रात ही विभागणी कोठे पडेल हे ओळखायला भविष्यवेत्ता नको. डोंगरी तालुक्यातील अनुदानित महाविद्यालयात मराठीच्या विभागात एक पूर्णवेळ अध्यापक असतो, दुसरा तासिका तत्त्वावर घेतलेला असतो. तो तासाप्रमाणे मानधन घेऊन दुपारच्या एसटीने दुसऱ्या महाविद्यालयात जातो, आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्याला काहीच मिळत नाही. पूर्णवेळ अध्यापक निवृत्त झाला की ती जागा भरण्याची परवानगी वर्षानुवर्षे येत नाही. अशा ठिकाणी ४० टक्के ऑनलाइन याचा अर्थ अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात पाहण्याचे कारण नाही. पुण्या-मुंबईतील नामांकित महाविद्यालय त्याच मुभेचा उपयोग वर्गाला जोड म्हणून करील, आणि येथे ती वर्गाच्या ऐवजी येईल. अभ्यासमंडळाच्या बैठकीत त्या टक्क्यांचा तपशील ठरेल तेव्हा पहिली कुऱ्हाड विद्यार्थिसंख्या कमी असलेल्या वैकल्पिक अभ्यासपत्रिकांवर पडेल: भाषाविज्ञान, मध्ययुगीन वाङ्मय, साहित्यशास्त्र. त्या पत्रिकांची व्याख्याने एकदा मुद्रित झाली की त्या शिकवण्यासाठी माणूस नेमावा लागणार नाही, आणि रिक्त जागेचा प्रस्ताव आणखी एका वर्षासाठी परत पाठवताना संचालनालयाला कारण शोधत बसावे लागणार नाही.